शिस्त शिकवण्याआधी त्या गल्लीत गाडी वळवून दाखवा

पागोळी: 'झोपडपट्टीवाल्यांना डबे वाटले तरी कचरा नाल्यातच जातो, शिस्तच नाही' हे कालचं वाचून डोकं फिरलं. दहा बाय दहाची खोली, पाच माणसं. ओला-सुका असे दोन डबे ठेवायचे कुठे, डोक्यावर? गल्ली चार फुटांची, त्यामुळे कचऱ्याची गाडी नाक्यावरूनच परत, तीही लोक कामावर गेल्यावर. मग नालाच उरतो. तो तुंबला की पहिल्या पावसात तेच पाणी घरात, त्यात उंदरांचं मूत, पायाला जखम असली की लेप्टोस्पायरोसिसचा ताप. तो अंगावर काढायचा, कारण खाडा परवडत नाही. ब्राझीलमधल्या कुरितिबात गाडी शिरत नव्हती तिथल्या लोकांना कचरा बाहेर आणून देण्याबद्दल बसची तिकिटं आणि भाजीपाला दिला. आणत होते की लोक!

दगडफोड्या: वाक्य माझं आहे आणि मी ते मागे घेणार नाही. टीव्हीला जागा होते, डब्याला होत नाही? आणि रात्री ढीग पेटवतात त्याचं काय? माझ्या मुलाला दमा आहे. खिडक्या लावून बसतो आम्ही.

खडूसकाकू: दम्याचं वाईट वाटलं, खरंच. पण धूर फक्त तिकडूनच येतो का हो? आमच्या सोसायटीचा माळी रोज सकाळी पाला पेटवतो. बोलले तर अध्यक्ष म्हणतात, 'पानं नैसर्गिक असतात.'

दगडफोड्या: पाला आणि प्लॅस्टिक एकच का? पीव्हीसीसारखं प्लॅस्टिक जळलं की डायऑक्सिन नावाचं विष तयार होतं.

खडूसकाकू: आणि पाल्याच्या धुरातले बारीक कण फुप्फुसात जात नाहीत? ते काय माणूस बघून आत शिरतात? शिवाय त्या पाल्यात दुधाच्या पिशव्या असतात, मी स्वतः पाहिल्यात.

उंबरठा: पाल्यावरच भांडा. माझी आई कचरा वेचायची. तुमच्या त्या 'शिस्तीच्या' पिशव्यांतून फुटकी काच आणि वापरलेल्या सुया निघायच्या. एकदा तळहातात सुई घुसली, पुढचे कित्येक महिने आई तपासणीला घाबरत होती. वेचणाऱ्यांनाच घाण म्हणायचं, आणि तेच गेले की? कैरोत 2009 साली स्वाइन फ्लूच्या भीतीने सरकारने डुकरं मारली. तिथले कचरावाले ओला कचरा त्यांनाच घालत. मग रस्त्यांवर ढीग साचले.

दगडफोड्या: आईंबद्दल वाईट वाटलं. पण भावनेने नाला साफ होत नाही.

उंबरठा: शिस्तीनेही डोंगर थांबत नाही. फिलिपिन्समध्ये पायातासला जुलै 2000 मध्ये पावसाने कचऱ्याचा डोंगर खचला, खालच्या झोपड्या गाडल्या गेल्या, दोनशेवर माणसं मेली. तो डोंगर काय त्यांनी एकट्यांनी रचला होता?

दगडफोड्या: नाही. गाडीचंही मान्य, लिहून ठेवा हवं तर. आत ढकलगाड्या पाठवा, वेळ संध्याकाळची ठेवा. पण मग पेटवणाऱ्याला दंड!

खडूसकाकू: आधी आमच्या अध्यक्षांना. पावती मी फाडते.