मदत हवी आहे: गिटारच्या हेडस्टॉकवर (मानेच्या टोकाच्या, खुंट्या असलेल्या भागावर) नव्या खुंट्या एका रेषेत कशा बसवाव्यात? (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

माझी अकूस्टिक गिटार बरीच जुनी आहे. तिच्या उघड्या दात्यांच्या खुंट्या, म्हणजे ट्यूनिंग मशीन, इतक्या झिजल्या होत्या की एक गाणे संपेपर्यंत तिसरी तार उतरत असे. म्हणून मी दोन्ही बाजूंना तीन-तीन अशा मांडणीच्या, बंद पेटीच्या नव्या खुंट्या मागवल्या. जुनी भोके सुमारे ८.५ मिमीची आहेत आणि नव्या खुंटीला १० मिमीचे भोक लागते, हे पार्सल उघडल्यावर कळले.

गिटारचे काम करणारे कोणी ओळखीचे नसल्यामुळे मी गल्लीतल्या सुतारकाकांकडे गेलो. त्यांनी सवयीने तीन सुताचे भोक पाडले. तीन सूत म्हणजे ९.५ मिमी, त्यामुळे खुंटी अडली. तेच भोक पुन्हा मोठे करताना ड्रिल कलले, भोक लंबगोल झाले आणि कडेचे पॉलिश नखाएवढे उडाले. दोष त्यांना देत नाही, कारण दाराच्या बिजागरीला अर्ध्या मिलिमीटरने काही बिघडत नाही. माप मीच लिहून न्यायला हवे होते. पुढे घरी मागचा बारीक स्क्रू पिळताना त्याचे डोके तुटले आणि दांडा लाकडातच राहिला.

उरलेली पाच भोके पॉलिश न उडवता कशी मोठी करावीत, तिन्ही खुंट्या एका ओळीत कशा आणाव्यात आणि बिघडलेल्या भोकाचे काय करावे, हे कृपया कोणी सांगावे.

प्रतिसाद:

उरलेल्या भोकांना ड्रिल लावू नका. हाताने फिरवायचा निमुळता रीमर घ्या आणि निम्मे भोक पुढून, निम्मे मागून असे थोडे थोडे मोठे करत दर दोन-तीन फेऱ्यांनी खुंटी घालून पाहा. कडेला आधी मास्किंग टेप लावा.

ओळीसाठी स्क्रूची घाई करू नये. एका बाजूच्या तिन्ही खुंट्या घालून पुढच्या षट्कोनी चाक्या केवळ बोटांनी आवळा, मागे तिन्ही पेट्यांच्या सरळ कडांना स्टीलची पट्टी टेकवा, आणि पट्टी व पेटी यांच्यात कोठेही फट दिसेनाशी झाली की मगच दहाच्या पान्याने चाक्या बेताने घट्ट करा. त्यानंतर टोच्याने स्क्रूच्या भोकाच्या मधोमध खूण करा. ड्रिलची सुई स्क्रूच्या आट्या वगळून उरणाऱ्या दांड्याएवढी असावी. स्क्रू आणि सुई उजेडासमोर एकावर एक धरली की सुईच्या दोन्ही बाजूंना फक्त आट्या दिसायला हव्यात. खोलीची खूण म्हणून सुईला टेप गुंडाळा आणि स्क्रूला मेणबत्ती चोळा. तुमचा स्क्रू बहुधा भोक लहान पडल्यामुळेच तुटला असावा. त्याच्या तुटक्या टोकावर तापलेले सोल्डरिंग आयर्न काही क्षण टेकवा. लाकडाची पकड सैल झाली आणि टोक थोडे वर असले, तर ते बारीक पकडीने उलटे फिरवून निघते.

लंबगोल भोक कोणत्या दिशेने लांबले आहे आणि किती?

धागाकर्ता:

मनःपूर्वक आभार. ते मानेच्या दिशेने सुमारे १ मिमी लांबले आहे. चाकीखालचा वॉशर ते पूर्ण झाकतो, त्यामुळे तसेच ठेवले तर चालेल का?

प्रतिसाद:

आडव्या दिशेने असते तर चालले असते. तारेचा ताण मानेकडेच असतो, त्यामुळे खुंटी हळूहळू तिकडे झुकेल आणि चाकी कितीही आवळली तरी सूर टिकणार नाही. ते भोक १२ मिमीपर्यंत गोल करून घ्या, कठीण लाकडाची त्याच मापाची गुल्ली फेविकॉल लावून ठोका, एक दिवस सुकू द्या आणि मग नव्याने भोक पाडा. हे एवढे काम मात्र उभ्या ड्रिल मशीनवर, हेडस्टॉकखाली सपाट फळी पक्की बांधून करावे. लेथच्या कारखान्यात असे मशीन असतेच. जाताना १० मिमी हा आकडा कागदावर लिहून न्या, आणि सोबत एक खुंटीही न्या.