कुत्र्याच्या शीचं खत बागेला चालेल का?

अंगणवाली: तळेगावला छोटा बंगला आहे. एक लॅब्रेडॉर कुत्रा आणि एक रस्त्यावरून आणलेली गावठी, शिवाय एक मांजर. रोज पिशव्या भरून कचऱ्यात टाकायच्या जिवावर येतं. मागे ओल्या कचऱ्याचा गांडुळांचा ड्रम आहे, त्यातच टाकलं तर? खत वांगी, मिरची, कोथिंबिरीला जातं. सासूबाई म्हणतात, शेण चालतं तर हे का नाही?

पेरूवाला: आम्ही सरळ पेरूच्या बुंध्याशी पुरतो. पेरू मस्त येतात. फार विचार करू नका.

निवृत्त_डॉक्टर_जनावरांचा: ताई, सासूबाईंचा प्रश्न रास्त आहे. कच्चं शेणही काही निर्मळ नसतं, म्हणून तर ते कुजवून वापरतात. पण कुत्र्याच्या पोटातला टोक्सोकारा हा गोल जंत माणसालाही बाधतो. अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात. लहान मुलं मातीत खेळून तोंडात हात घालतात, तिथून ती पोटात जातात. अळी डोळ्यात पोचली तर दृष्टीवर बेततं. अंकुशकृमी तर अनवाणी पायातून शिरतो. पेरूवाल्यांचे पेरू गोड असतील, त्याबद्दल वाद नाही, पण बुंध्याशी खुरपणारे हात कोणाचे?

गांडुळांच्या ड्रमात अजिबात नको. तो तापतच नाही, तापला तर गांडुळंच मरतील. ही अंडी मारायला उष्णता लागते, ढिगाच्या मध्यभागी ५५ ते ६० अंश, तीही सलग काही दिवस. अलास्कात फेअरबँक्सला स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांच्या शीचं खत करून पाहिलंय. दोन भाग शी, एक भाग लाकडाचा भुसा, ओलावा पिळलेल्या फडक्याइतका, आणि गार पडलं की उलटायचं. पण तिथे कुत्र्यांचे तांडेच्या तांडे. दोन कुत्र्यांच्या मालावर ढीग एवढा तापणं कठीण. आणि तापलेला ढीगसुद्धा खायच्या भाज्यांना वापरू नये, असंच तिथले लोकही सांगतात.

मांजराचं तर नावच काढू नका. त्यात टोक्सोप्लाझ्मा हा सूक्ष्म परजीवी असू शकतो, तो पोटातल्या बाळाला बाधतो. घरात कोणी गरोदर असेल तर तिला तो ट्रे साफ करायला लावू नका. ट्रे रोज साफ करा, कारण शीतले त्याचे बीजाणू एक ते पाच दिवसांत बाधणारे होतात. ते संडासातही नको, घट्ट बांधून कचऱ्यातच.

अंगणवाली: मग कुत्र्यांचं काय करू? नुसतं कचऱ्यातच?

निवृत्त_डॉक्टर_जनावरांचा: पिशवीशिवाय संडासात टाकून पाणी सोडा, ड्रेनेज लाइन असेल तर. नाहीतर कुंपणाकडेला, भाज्यांपासून लांब, वेगळा खड्डा. तळ नसलेला जुना ड्रम उभा गाडा, झाकण ठेवा, प्रत्येक वेळी वर भुसा किंवा पालापाचोळा. विहीर, बोअरपासून शंभर फूट तरी लांब हवा. भरला की माती टाकून विसरून जा, उकरून खत म्हणून काढू नका. जवळ जास्वंद, तगर, सोनचाफा लावा.

जंतांचं औषध वेळेवर द्या, गावठीला विशेष. आणि शी त्याच दिवशी उचला. ताज्या अंड्यांपासून धोका नसतो, मातीत दोन-चार आठवडे मुरली की होतो.

काळीआईवाला: आमच्याकडे काळी जमीन. असा खड्डा पावसाळ्यात तुडुंब भरतो आणि घाण वर तरंगते. डोंगरउताराची मुरमाड जागा असेल तरच करा.

अंगणवाली: आमची मुरमाडच आहे. ड्रम शोधते. सासूबाईंना टोक्सोकारा सांगितला, त्या आता कोथिंबीर तीनदा धुतायत.