खोकल्याची उरलेली अर्धी बाटली

ए-३०२: कुणाकडे कोरड्या खोकल्याचं सिरप आहे का? बाबांना (सासऱ्यांना) रात्री आडवं झालं की ढास लागते. काल पहाटेपर्यंत घरात कुणाचाच डोळा लागला नाही.

बी-१०४ काका: आहे ना! मागे मला डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, अर्धी बाटली उरलीय. दोन चमचे घेतले की गाढ झोप. वॉचमनकडे ठेवतो.

सी-२०१: काका, जरा थांबा. फार्मासिस्ट म्हणून विचारते, आत काय काय आहे ते वाचून सांगता?

बी-१०४ काका: चष्मा शोधतो.

डी-४०३: आज टाकी धुणार आहेत. पाणी भरून ठेवा.

बी-१०४ काका: कोडीन फॉस्फेट आणि क्लोरफेनिरामिन. अक्षरं मुंगीएवढी छापतात मेले.

सी-२०१: म्हणूनच तुम्हाला गाढ झोप! कोडीन अफूच्या कुळातलं. यकृतात त्यातल्या काही भागाचं मॉर्फीन होतं. काहींच्या शरीरात हे फार झपाट्याने होतं, आणि तसं कुणाचं होतं हे वरून दिसत नाही. क्लोरफेनिरामिनची गुंगी आणखी वेगळी. ताई, बाबांना दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत?

ए-३०२: झोपेची अल्प्राझोलाम. आणि बीपीची रामिप्रिल, ती दोनेक महिन्यांपूर्वी सुरू झाली.

सी-२०१: मग ही बाटली अजिबात नको. झोपेच्या गोळीवर कोडीन पडलं तर श्वास मंदावतो. दारूबरोबरही तेच. हाक मारून माणूस उठत नसेल, श्वास अडखळत असेल, ओठ निळसर दिसले तर वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं.

ई-१०२: बाप रे. आमच्या आठ वर्षांच्या पिल्लाला असलं थोडंसं चालतं का? अर्धा चमचा?

सी-२०१: नाही. १२ वर्षांखालच्या मुलांना कोडीन देतच नाहीत. अंगावर पाजणाऱ्या आईनेही घ्यायचं नाही. आणि चमचा म्हणजे कुठला? मात्रा मिलिलिटरमध्ये लिहिलेली असते, घरातला एक चमचा दुसऱ्यासारखा नसतो. बाटलीबरोबरचं खुणांचं झाकण किंवा सिरिंज वापरायची.

बी-१०४ काका: मी तर तोंड लावून घ्यायचो 😄

सी-२०१: काका!! 😡

ए-५०१: माझ्याकडे डेक्स्ट्रोमेथॉर्फनवालं आहे. त्यात कोडीन नाही. ते द्यायचं का?

सी-२०१: तेही विचारूनच. नैराश्याच्या काही गोळ्यांबरोबर ते जमत नाही. पण ताई, मला खोकल्यापेक्षा त्या रामिप्रिलचीच शंका येतेय. बाबांना कफ पडतो? ताप, धाप, वजन कमी?

ए-३०२: काहीच नाही. नुसती घशात खवखव आणि ढास.

सी-२०१: त्या जातीच्या बीपीच्या गोळ्यांनी काही जणांना असाच कोरडा खोकला लागतो, कधी कधी सुरू केल्यावर महिन्यांनीसुद्धा. तसं असेल तर सिरपच्या बाटल्या रिचवूनही तो हटायचा नाही. मात्र गोळी आपल्या मनाने बंद करू नका, बीपी उसळेल. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. खोकल्याला दोन आठवडे उलटून गेले असतील तर तेही सांगा, मग ते छातीचा फोटो किंवा थुंकीची तपासणी करायची का ते बघतील.

ए-३०२: आज संध्याकाळची वेळ घेतली.

बी-१०४ काका: मग माझ्या बाटलीचं काय करू? मोरीत ओतू?

सी-२०१: नको. मेडिकलवाले परत घेतात का विचारा. तोवर कुलपात ठेवा, तुमच्याकडे नातवंडं येतात.

ए-३०२: जाऊन आलो. सिरप दिलंच नाही! बीपीची गोळी बदलून टेल्मिसार्टन दिली. म्हणाले, खोकला जायला एक ते चार आठवडे लागतील, क्वचित जास्त. तोवर रात्री उशाशी कोमट पाणी ठेवा.

सी-२०१: छान. नवीन गोळीवर बीपी कधी तपासायचं ते विचारलंत ना?

ए-३०२: राहिलंच की. आत्ता फोन करते.

बी-१०४ काका: बाटली कपाटात कुलूपबंद. एक्स्पायरीही कधीच उलटून गेलीय म्हणे.