ताडपत्री ताणलेल्या कयाकची मापे कशी काढावीत?

प्रश्न (सातारा)

नमस्कार. मरीन प्लायच्या चौकटी, त्यांवर बांबूच्या लांब कामट्या आणि बाहेरून ट्रकची पीव्हीसी ताडपत्री, अशी एका माणसाची कयाक (वल्ह्याने चालवायची लांब, अरुंद होडी) घरी बांधून ती कण्हेरच्या जलाशयात चालवण्याचा माझा विचार आहे. माझी उंची १७२ सेंमी, वजन ७८ किलो आणि नितंबांची रुंदी ३७ सेंमी आहे. ग्रीनलंडमधील जुन्या प्रथेप्रमाणे लांबी उंचीच्या तिप्पट आणि रुंदी नितंबांहून दोन मुठींनी जास्त धरली, तर ५१६ बाय ५५ सेंमी ही मापे येतात. परंतु एवढी लांब होडी ठेवायला माझ्याकडे जागा नाही. लांबी ४८० वर आणल्यास ती माझा भार पेलेल का, आणि प्लाय कापण्यापूर्वी हे कागदावर कसे तपासावे?

प्रतिसाद १ (सांगली)

निश्चित पेलेल. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते आणि एक लिटर गोड्या पाण्याचे वजन एक किलो असते. त्यामुळे तुमचे ७८, होडीचे अंदाजे १७ आणि सामानाचे ५ किलो धरल्यास पाण्याखालचा भाग १०० लिटरचा हवा. टोके वर उचललेली असतील, म्हणून ४८० पैकी ४४० सेंमी पाण्याला टेकतील असे मानू. या लांबीचे चार समान भाग केले की ११० सेंमी अंतराने पाच छेद (होडीचे आडवे काप) मिळतात. प्रत्येक छेद आलेखाच्या कागदावर काढून पाणरेषेखालचे चौकोन मोजावेत. समजा, टोकांना शून्य, मध्यभागी ४२० आणि त्याच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी २४० चौरस सेंमी आले. सिम्प्सनच्या नियमाने (छेदांच्या क्षेत्रफळांवरून आकारमान काढण्याची रीत) दुसऱ्या आणि चौथ्या छेदाला चारने, मधल्याला दोनने गुणून बेरीज २,७६० होते. तिला ११० ने गुणून तीनने भागले की १,०१,२०० घन सेंमी, म्हणजे १०१ लिटर. मधला छेद पाणरेषेवर ५२ सेंमी रुंद, ११ सेंमी खोल आणि खालच्या बाजूस निमुळता ठेवला, तर ४२० चौरस सेंमी सहज मिळतात.

पाच-दहा लिटरच्या फरकाने बिघडत नाही. अशी होडी एक सेंटिमीटर खाली जाण्यासाठी सुमारे १४ किलो भार लागतो. वेगाचीही काळजी नको, कारण ४४० सेंमी पाणरेषेची मर्यादा ताशी साडेनऊ किलोमीटरच्या आसपास येते आणि दीर्घकाळ वल्हवणारा माणूस पाच-सहाच्या वेगानेच जातो.

प्रतिसाद २ (मिरज)

वरील हिशेब बरोबर आहे, पण खरा विचार रुंदीचा करावा, असे मी आग्रहाने सांगेन. होडीच्या आकारामुळे कलंडण्याला जो विरोध होतो, तो पाणरेषेवरील रुंदीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. ५२ ऐवजी ५७ सेंमी केल्यास तो जवळपास ३२ टक्क्यांनी वाढतो. आपल्याकडे महापुरात गुळाची काहील माणसे घेऊन तरते ती रुंदीच्याच बळावर, मात्र तिला सरळ दिशा धरता येत नाही, म्हणून ६० च्या पुढे जाऊ नये. बैठक उंच करू नका. तळाच्या कामट्यांवर पातळ फोम पुरेसा आहे.

आणखी एक. पाण्याच्या दाबाने ताडपत्री दोन कामट्यांच्या मध्ये आत दबते. चौकटीची कड तेथे सरळ ठेवली तर कापड तिच्यावर घासून झिजते, म्हणून दोन कामट्यांमधली कड आत वळवून कापावी आणि क्षेत्रफळ मोजताना ही घटही वजा करावी.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. पाणरेषेवर ५६ सेंमी रुंदी धरून छेद पुन्हा काढतो. बैठक नेमकी कोठे घ्यावी?

प्रतिसाद ३ (कराड)

एक फळी लोखंडी पाइपवर आडवी ठेवा, तिच्यावर पाय लांब करून बसा आणि फळी ज्या ठिकाणी समतोल राहते, तेथून पाठीपर्यंतचे अंतर मोजा. फळीचे स्वतःचे वजन दोन्ही बाजूंना सारखे राहील, याची दक्षता घ्यावी. तो बिंदू पाण्याखालच्या आकारमानाच्या मध्यावर, फार तर दोन-तीन सेंमी मागे यावा; पुढे नको, कारण नाक जड झालेली होडी वाऱ्यात वाकडी वळते. कापड शिवण्यापूर्वी नुसत्या सांगाड्यात बसून पावलांना पुरेशी उंची मिळते का, तेही पाहावे. अशा होडीत आडभिंती नसतात, म्हणून दोन्ही टोकांत हवेच्या पिशव्या घट्ट बांधा आणि लाइफ जॅकेटशिवाय पाण्यात उतरू नका.