मदत हवी आहे: लेक डिस्ट्रिक्टमध्ये चालता चालता लँडस्केप फोटो, ट्रायपॉड न्यावा का?

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघं इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टला, डोंगर-तळ्यांच्या भागात, निघालोय. मुक्काम केझिक गावात. गाडी नाही, पेनरिथपर्यंत ट्रेन आणि पुढे बस. मी, बायको आणि एक मित्र-जोडपं. तिघंही सह्याद्रीत घोटून तयार झालेले, आणि मी फोटोसाठी थांबलो की तिघांचेही चेहरे बघण्यासारखे होतात. "मोबाइलवर काढ की एक, चल" हा ठरलेला डायलॉग. तेव्हा फोटोग्राफीच्या सहलीचे सल्ले नकोत. चालणाऱ्यांच्या मागून धावणाऱ्याला उपयोगी पडेल असं सांगा.

सामान: क्रॉप सेन्सरचा (लहान सेन्सरचा) मिररलेस कॅमेरा, 16-50 आणि 55-210 मिमीच्या दोन झूम लेन्स. ट्रायपॉड दीड किलोचा आहे.

अडचण अशी की वेल्समधल्या फोटोंत एकतर आकाश पांढरंफटक आलंय नाहीतर डोंगर काळाकुट्ट. शिवाय समोर छाती दडपवणारा कडा 16 मिमीवर, म्हणजे सर्वांत रुंद दृश्यात, घेतला की घरी येऊन बघावं तर टेकाड! ग्रॅज्युएटेड फिल्टर (वरचा अर्धा भाग गडद असलेली काच) घ्यावा, की वेगवेगळ्या एक्स्पोजरचे तीन फोटो काढून नंतर जोडावेत?

दुसरं म्हणजे, एका पहाटे अंधारातच निघून कॅटबेल्स या डोंगरावर (451 मी.) सूर्योदय गाठायचा विचार आहे. बाकीचे झोपलेले असतील, त्यामुळे कटकट नाही. सूर्योदय सव्वासातच्या सुमारास आहे. कुणी केलंय का?

एक दिवस स्कॅफेल पाइकसाठी (978 मी.) ठेवलाय. इंग्लंडचं सर्वांत उंच शिखर असल्यामुळे त्यावर चर्चा नाही, असं मला सांगण्यात आलंय.

प्रतिसाद: भटकभवानी

ट्रायपॉड डोंगरावर नेऊ नका. तिकडे नोव्हेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 20 अंशांवर असतो. पुण्यात तेव्हा 55 च्या आसपास. म्हणजे दुपारचा प्रकाश वाया गेला, हे आपलं गणित तिथे लागू नाही. दिवसभर सावल्या लांबच असतात, ऊन असलं तर. हातात धरून आरामात काढाल.

ग्रॅज्युएटेड फिल्टर समुद्रावर ठीक. डोंगरात क्षितिज सरळ नसतं, त्यामुळे आकाशाबरोबर शिखराचा माथाही काळवंडतो. रॉ मध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, आकाश पांढरं पडणार नाही इतकं एक्स्पोजर खाली घ्या आणि सावल्या नंतर उचला. तीन फोटो जोडायचे तर वारा नसताना. गवत हललं की जोडलेल्या फोटोत दुहेरी, भुतासारख्या आकृत्या दिसतात.

पैसे घालायचेच तर पोलरायझरवर, म्हणजे चकाकी कापणाऱ्या फिरत्या फिल्टरवर, घाला. त्या दिवसांत उतारांवरचं नेचं, तिकडचं ब्रॅकन, वाळून गंजाच्या रंगाचं झालेलं असतं. ओलं असताना त्याच्यावर पांढरट चकाकी येते. रिंग फिरवली की ती जाते आणि आतला तांबूस रंग वर येतो. ओल्या खडकालाही तेच. फक्त निळं आकाश असेल तर 16 वर जपून, अर्धं गडद आणि अर्धं फिकं येतं.

टेकाडाचं औषध तुमच्या बॅगेतच आहे. 55-210 काढा. वाईडमध्ये समोरचा दगड मोठा होतो आणि डोंगर मागे पळतो. लांबून, लांब लेन्सने एकामागे एक रांगा घ्या आणि खाली कुठेतरी मेंढ्यांसाठीची दगडी कुंपणभिंत येऊ द्या, म्हणजे उंची कळते.

प्रतिसाद: ओला_बूट

कॅटबेल्सच्या पहाटेबद्दल थोडं वेगळं मत. केझिकहून पोर्टिन्स्केलमार्गे चालत गेलात तर वर पोचायला दीड-पावणेदोन तास सहज. 5 किमीला एक तास आणि 600 मीटर चढाईला आणखी एक, हा तिकडच्या गिर्यारोहकांचा 1892 सालापासूनचा हिशोब. माथ्याखालचा खडक हजारो बुटांनी घासून गुळगुळीत झालाय, ओला असला की साबण. एकट्याने, अंधारात? मी नाही जाणार.

आणि फोटोच्या दृष्टीनेही, वर उभं राहिलात तर कॅटबेल्स फोटोत कुठे आहे? त्यापेक्षा फ्रायर्स क्रॅगला, तळ्याकाठच्या खडकाळ टोकाला, जा. गावातून रमतगमत पंधरा-वीस मिनिटं, डर्वेंटवॉटर तळ्याच्या काठाने. नैर्ऋत्येला तोंड करून उभे राहा. तळ्यापलीकडे कॅटबेल्स, आणि सूर्य डाव्या हाताला. पूर्वेच्या डोंगरांमुळे ऊन आधी माथ्यावर पडतं आणि हळूहळू खाली सरकत येतं. बाजूचा प्रकाश असल्यामुळे पोलरायझरही तिथे पुरेपूर चालतो. ट्रायपॉड न्यायचा तर इथे न्या. रात्र थंड, निरभ्र आणि बिनवाऱ्याची गेली असेल तर पाण्यावर धुकंही मिळेल. आटपून नाश्त्याला हजर. कॅटबेल्स नंतर चौघांनी उजेडात करा.

स्कॅफेल पाइकसाठी 78 नंबरची बस सीटोलरपर्यंत जाते, पुढे सीथवेटपर्यंत चालत. सीथवेटला वर्षाला साडेतीन हजार मिमीच्या आसपास पाऊस. कोकणाएवढाच, फक्त चार महिन्यांत न उरकता बारा महिने पुरवून. थांबे न धरता पाच तासांच्या वर चाल आहे आणि साडेचारला सूर्यास्त, तेव्हा हेडटॉर्च चौघांकडेही हवा. आदल्या संध्याकाळी माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिसचा अंदाज बघा. शिखरं ढगांबाहेर असण्याची शक्यता टक्क्यांत देतात. 20-30 असेल तर कॅमेरा बॅगेत ठेवून नुसते चाला. अडकलात तर 999 या आपत्कालीन नंबरला फोन करा, आधी पोलीस मागा आणि मग माउंटन रेस्क्यू.

पबमध्ये शिरताना कॅमेऱ्याची बॅग बंदच ठेवा, नाहीतर गार काचेवर लगेच वाफ धरते.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. फ्रायर्स क्रॅगचं बायकोला सांगितलं, ती म्हणाली तेवढं असेल तर मीही येते. आता पंचाईत!

आता पोलरायझरचं बघतोय. माझ्या लेन्सच्या फिल्टरचे व्यास 40.5 (16-50 ला) आणि 49 मिमी (55-210 ला) आहेत. एकच 49 चा घेऊन लहान लेन्सला स्टेप-अप रिंग (मोठा फिल्टर बसवायची जोडकडी) लावली, तर 16 वर कोपरे काळे येतील का? कुणी वापरलंय?