गॅलरीत हळद लावायची आहे. कोणती जात, कंद कुठून? (बजेट ५०० रुपये)

रोहिणी_तिसरा_मजला | ६ मे
नमस्कार मंडळी. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहते. गॅलरी पूर्वेला, ऊन साडेअकरापर्यंत. अळू, ओवा, गवती चहा लावून झालं, यंदा हळद. एकाच जातीची नको: साधी, आंबेहळद आणि जमलं तर काळी. पाच कुंड्या रिकाम्या आहेत, १२ इंची. कंद, माती, खत सगळं ५०० रुपयांत बसवायचंय. काय घेऊ? आणि आत्ताच लावू की पाऊस पडू दे?

कृष्णाकाठ | ६ मे
ताई, हळद म्हटलं की सांगली, त्यात विचारायचं काय? डोळे झाकून सेलम घ्या. राजापुरी चवीला तीच, हळकुंड आखूड आणि ठसठशीत, पण तिला करपा (पानांचा रोग) लवकर धरतो. बियाण्याला जेठा गड्डाच (मधला मूळ कंद) पाहिजे, ५० ग्रॅमच्या वरचा. आमच्याकडं घरची दीड एकर असते. हरिपुरात जमिनीखाली पेवं होती, वर्षानुवर्षं हळद टिकायची त्यात. २००५ च्या पुरानं वाट लावली त्यांची.

वऱ्हाडी_ठेचा | ६ मे
सांगलीच्या हळदीला जीआय (भौगोलिक मानांकन) २०१८ साली. आमच्या वर्ध्याच्या वायगावला २०१६. बाकी मी काही बोलत नाही.

कृष्णाकाठ | ६ मे
बाजारपेठ कुठं आहे ते बोला की.

वऱ्हाडी_ठेचा | ६ मे
बाजारपेठ मोठी असली म्हणून हळद पिवळी होत नाही राजेहो. समुद्रपूर तालुक्यात या, वास घेऊन पाहा.

निवृत्त_पण_व्यस्त | ७ मे
१२ इंची कुंडीत हळद म्हणजे चेष्टा. मी गच्चीवर १८ बाय १८ च्या ग्रो बॅगा आणल्या, कोकोपीट, गांडूळखत, निंबोळी पेंड, टायमर लावलेलं ठिबक. सव्वासहा हजार गेले, पण एका बॅगेत दीड किलो ओली हळद निघाली. फोटो टाकतो. करायचं तर नीट करावं.

रोहिणी_तिसरा_मजला | ७ मे
काका, बजेट ५०० आहे हो.

निवृत्त_पण_व्यस्त | ७ मे
ठिबक नंतर बसवा मग.

आळशी_माळी | ७ मे
मी गेल्या वर्षी ऑनलाइन 'हळदीच्या बिया, १०० नग' मागवल्या. २४० रुपये. उगवला तो राजगिरा. भाजी बरी झाली.

माती_आणि_मी | ७ मे
वरच्यांना: हळद बियांनी लावतच नाहीत, कंदानेच लावतात. बियांचं पाकीट दिसलं की पुढे सरका.

रोहिणी, कुंडी १२ इंची असली तरी चालेल, फक्त एका कुंडीत एकच कंद. तळाची भोकं मोकळी हवीत. माती, शेणखत, थोडी वाळू. कंद घट्ट हवा, डोळा फुगलेला. मोठा असेल तर तोडा, पण प्रत्येक तुकड्याला एक-दोन डोळे ठेवा, कापलेल्या बाजूला राख लावा आणि दोन दिवस सावलीत सुकू द्या. दोन इंच खोल, डोळा वर. अक्षय्य तृतीयेपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत केव्हाही लावा. कोंब यायला तीन-चार आठवडे लागतात. तेवढ्यात रोज पाणी घालून कंद कुजवू नका, माझे पहिले सहाच्या सहा असेच गेले.

डोंबिवलीची_सुगरण | ७ मे
जास्त पाणी घालू नका, कुजतात. माझेही कुजले.

कृष्णाकाठ | ८ मे
कंदाला ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) लावा म्हणजे सहसा कुजत नाही. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राची फुले स्वरूपा ही जात पण बघा.

केपेकार | ८ मे
कंदाचं सोडा, पानांचं बोला. नागपंचमीला हळदीच्या पानात उकडलेल्या पातोळ्या करायच्या तर बाजारात पानाला काय मागतील ते मागतात. मेमध्ये लावली की तोपर्यंत हाताएवढी पानं होतात. मात्र एका झाडाची सगळी कापू नका, खाली कंद पोसत नाही.

डोंबिवलीची_सुगरण | ८ मे
पातोळ्यांना केळीचं पान पण चालतं.

केपेकार | ८ मे
केळीच्या पानात केलेल्या त्या पानग्या. पातोळी नव्हे.

(यावर पुढे अकरा प्रतिसाद झाले, ते पाककृतींच्या धाग्यात हलवले आहेत. – संपादक)

कोथरूडचा_कोंब | ९ मे
माझी गोष्ट ऐका. डिसेंबरात पानं पिवळी पडून आडवी झाली. मला वाटलं मेलं झाड. कुंडी सोसायटीच्या माळ्याला देऊन टाकली. त्याने संक्रांतीला त्याच कुंडीतून काढलेली हळकुंडं आमच्याच घरी आणून दिली, 'लोणचं करा' म्हणून. तर पानं वाळली की पाणी बंद करा आणि खणा, रडू नका.

माती_आणि_मी | ९ मे
आंबेहळद नक्की लावा. कुठल्याही आयुर्वेदिक काष्ठौषधीच्या दुकानात वाळलेली मिळते, ती उगवत नाही. ओली हवी. तोडून बघा, आतून फिकट आणि कैरीचा वास. काळी मात्र राहू दे. तिच्या नावाने तंत्रमंत्र, धनलाभ असलं सांगून वाट्टेल ते दाम लावतात.

आळशी_माळी | ९ मे
काळीच्या नादी लागू नका.

निवृत्त_पण_व्यस्त | ९ मे
काळी नकोच. स्वयंपाकात उपयोग नाही.

वऱ्हाडी_ठेचा | १० मे
काळी काहून पाहिजे? पिवळी घ्या, वायगावची.

रोहिणी_तिसरा_मजला | २९ जून
सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगते. साध्या हळदीवर एक रुपयाही घालवला नाही. जानेवारीत लोणच्यासाठी आणलेल्या ओल्या हळदीतले चार तुकडे कांद्याच्या टोपलीत राहिले होते, सुरकुतलेले, पण कोंब फुटलेले. तेच लावले. चारही वर आलेत. जेठा गड्डा नव्हता, जात माहीत नाही. मातीखताला १४० गेले.

उरलेल्या ३६० मधले ३५० देऊन एका प्रदर्शनातून काळीचा एक तुकडा आणला. माहीत आहे, सगळ्यांनी नको म्हटलं होतं. कोपरा कापला तर आतून निळसर-जांभळा, शाईच्या दौतीसारखा. मला तेवढंच बघायचं होतं. आता पान आलंय, मधोमध लालसर-जांभळा पट्टा आहे.

माती_आणि_मी | २९ जून
पट्टा कचोऱ्याच्या (हळदीचाच भाऊबंद) पानालाही असतो. पण आतून निळा होता म्हणताय तर असेल काळी. आंबेहळदीचं काय झालं?

रोहिणी_तिसरा_मजला | २९ जून
दहा रुपयांत कुठे मिळते?

केपेकार | ३० जून
काळीच्या पानात पातोळ्या करू नका हं.