नकाशातलं ‘पार्केट’: खुर्च्या की लाकडी फरशी?

प्रश्न (मालवण): नाट्यमंडळाच्या नव्या हॉलसाठी एका जुन्या अमेरिकन थिएटरचा नकाशा समोर ठेवलाय. रंगमंचापुढच्या मोठ्या भागावर ‘पार्केट’ आणि बाल्कनीखाली ‘पार्केट सर्कल’ असं लिहिलंय. सुताराने त्या सगळ्या जागेला सागवानी पार्केटचा, म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या फरशीचा, दर लावलाय. एवढं लाकूड खरंच लागतं? आणि आपल्या हवेत टिकेल?

उत्तर १: सुताराला आधी थांबवा. ती आसनांची नावं आहेत. अमेरिकेत तळमजल्यावर रंगमंचासमोर बसायची जागा म्हणजे पार्केट, तिच्या मागची, बाल्कनीखाली येणारी पार्केट सर्कल. लंडनला त्या पुढच्या जागेला स्टॉल्स म्हणतात. फ्रान्समध्ये तर सरकारी वकिलांचं कार्यालयही ‘पार्के’च! नकाशात फरशीबद्दल काही असेल तर लाकडाची जात, जाडी, मांडणी दिलेली असते. आसनांच्या भागात रांगांची अक्षरं आणि खुर्च्यांचे आकडे दिसतील.

उत्तर २: हौस असेल तर लाकूड फक्त प्रवेशदालनात घाला. व्हर्सायच्या राजवाड्यात १६८४ साली संगमरवर काढून पार्केट घातलं, कारण फरशी धुतल्याचं पाणी झिरपून खालच्या तुळया कुजायच्या. आपल्याकडे ओल खालून येते. म्हणून मीटरभर प्लास्टिक कोब्यावर चारी बाजूंनी टेप लावून चोवीस तास ठेवा, तेही पावसाळ्यात. खाली थेंब धरले किंवा कोबा काळवंडला तर ओल अडवणारा थर दिल्याशिवाय लाकूड चिकटवू नका. पट्ट्या त्याच दालनात, मध्ये फटी ठेवून, दोन आठवडे रचून ठेवा. भट्टीतून आठ टक्के ओलाव्याची आलेली पट्टी तशीच बसवली की श्रावणापर्यंत फुगून वर उचलली जाते. लाकडाला फुगायला जागा म्हणून भिंतीलगत १२ मिमी फट सोडा, स्कर्टिंगखाली झाकली जाते. भिंत जांभ्याची असेल तर तिथेही ओल तपासा. पाण्यातला गोंद नको, पॉलियुरेथेनचा वापरा. वाळवीची फवारणी कोबा घालण्याआधीच व्हायला हवी. आणि सफाईवाल्याला बजावा: बादलीभर पाणी ओतून पुसायचं नाही.

उत्तर ३: वरच्याशी सहमत. खुर्च्यांखाली पार्केट नकोच. खुर्चीचे बोल्ट लाकडातून आरपार कोब्यात जातात. पट्ट्या जागच्या जागी खिळल्या जातात, मग भिंतीलगतची फट असून नसल्यासारखी. शिवाय दर भोकागणिक ओल अडवणारा थर फुटतो. तिथे खडबडीत कोटा फरशी पुरे.